अहवालात न मावलेला गॉगल

माजलगाव,
९ फेब्रुवारी २०२५

संस्कृतीताई,

आधी मला शिव्या देऊन घे, मग पुढचं वाच. दिवाळीला तू मला पाकिटं दिलीस, वर स्वतःच्या हातानं पत्ता लिहून, तिकिटं चिकटवून, की आता तरी हा लिहील. लिहिणारच होतो. एका पाकिटात मी रसवंतीवर असताना सुट्टे ठेवले. एक भिजलं. एकातून आमच्या मालकानं त्याच्या मेव्हण्याला मुलीचा बायोडाटा पाठवला, तो तुला मिळाला असेल तर परत कर, मुलगी चांगली आहे म्हणे. रोज संध्याकाळी ठरवायचो, आज ताईला लिहू. अन् रोज संध्याकाळी कुणीतरी म्हणायचं, चल युवराज, जरा अमक्या गावाला जाऊन येऊ. 'न्हाई' म्हणायला मी शिकलोच नाही. दहावीच्या पुढं शिकवत असतील.

सध्या माजलगावला आहे. धरणाच्या अलीकडं एक मच्छीचं हॉटेल आहे, तिथं. रसवंती सोडली, कारण चरकाचे घुंगरू झोपेतसुद्धा वाजायला लागले. केजचं राधाकिशनभाऊंचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान तर मागंच सोडलं, ते तुला माहीत आहे. गंमत बघ, मोबाईल दुरुस्त करता येणाऱ्या माणसाकडं मोबाईल नाही. धरणात पडला. एकाला मासा दाखवायला वाकलो होतो. पण बरंच झालं. तू दिवसभर त्या प्रयोगशाळेत गुन्ह्यातले फोन उघडून बघतेस, घरी आल्यावर तुला फोनचं तोंड बघवत नाही, हे तूच मंगलमावशीपुढं म्हणालीस. म्हणून कागद.

बरं, मुद्दा. मला कोर्टाचं समन्स आलंय.

घाबरू नकोस, मी काही केलेलं नाही. परवा दुपारी हॉटेलपुढं एक जीप थांबली. पुढच्या सीटवर आमच्याकडचे जमादार. माझे आई-बाबा ऊसतोडीला कर्नाटकात, घराला कुलूप, म्हणून मला शोधत शोधत इथवर आलेले. मिशीला धूळ लागून ती तपकिरी झालेली. आणि गाडी चालवतोय कोण? परमेश्वर.

"हितं सही कर," जमादार म्हणाले.

"कावून?"

"साक्षीला यायचंय. केजच्या कोर्टात. चोवीस मार्चला."

"कुणाच्या साक्षीला?"

परमेश्वर स्टेअरिंगवरनं म्हणाला, "माझ्याच की बे. माझ्याच विरुद्ध."

म्हणजे बघ. ज्याच्यावर केस, त्याच्याच जीपमधून पोलीस त्याच्या विरुद्धचा साक्षीदार शोधत फिरतोय, अन् वर विचारतोय, परमेश्वर, परतीला वडवणीवरनं घेशील का, भाजी घ्यायचीय. परमेश्वरनं घेतली गाडी वडवणीवरनं.

परमेश्वरला तू ओळखत नाहीस. तो आमच्या बाबांच्या टोळीतल्या एकाचा भाचा, म्हणजे नात्यात काही नाही, पण मी राधाकिशनभाऊंकडं होतो तेव्हा रोज दुपारचं जेवण त्याच्या डब्यातलं. त्याच्यावर चोरीची केस आहे. मागल्या साली ऊसतोडीच्या दिवसांत, सगळ्या टोळ्या गेल्यावर गाव रिकामं असतं ना, तेव्हा अमरसिंहदादांच्या इथं चोरी झाली. दादा म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांचं अन् परमेश्वरचं जीपस्टँडवर भांडण झालेलं, म्हणून संशय याच्यावर. कशाची चोरी ते सांगतो.

पण त्याआधी हे ऐक. परमेश्वरचं एस्टीच्या चालकाच्या यादीत नाव लागलंय. गाडी चालवून दाखवली, डोळे तपासले, सगळ्यात पास. पण केस आहे म्हणून नेमणूक अडकली. एकतीस मार्चला ती यादीच रद्द होणार. त्याच्या आत सुटला तर एस्टी, नाहीतर जन्मभर काळी-पिवळी जीप अन् मागं लोंबकळणारी माणसं. त्याच्या बायकोनं, विजयमालावहिनींनी, खाकी शिवून ठेवलीय. दर आठवड्याला इस्त्री करून परत खुंटीला अडकवतात. न घातलेली खाकी, तरी इस्त्री. मी म्हणलं वहिनी, झिजंल. तर म्हणाल्या, "झिजू द्या, धूळ बसाय नको."

केसमध्ये पोलिसांनी परमेश्वरचा फोन जप्त केलाय, तो मी दुरुस्त केला होता, म्हणून मला बोलावलंय. आता तू सांग, कोर्टात बोलायचं कसं? तू तर पिंजऱ्यात उभी राहून आलीस. मी बोलायला लागलो की गाडी कुठं वळेल मलाच सांगता येत नाही. एकदा एकाला मी केजचा रस्ता सांगायला घेतला, तो धारूरला पोचला. परमेश्वरच्या नोकरीचं माझ्या तोंडानं वाटोळं व्हायला नको.

लवकर लिही. मासा गरम आहे, गिऱ्हाईक ओरडतंय.

तुझा,
युवराज


पुणे,
१७ फेब्रुवारी

युवराज,

चार पानं लिहिलीस. त्यात चरकाचे घुंगरू आले, जमादारांची मिशी आली, विजयमालावहिनींची इस्त्री आली. चोरी कशाची झाली ते मात्र आलं नाही. 'कशाची चोरी ते सांगतो' म्हणालास आणि सांगायचं राहून मासा तळायला गेलास.

आणि आता सांगूही नकोस. तुझी केस मला नको. साक्षीदारानं काय बोलावं हे दुसऱ्यानं सांगायचं नसतं, मावसबहिणीनं तर नाहीच. कसं बोलावं एवढंच सांगते, ते मी कुणालाही सांगितलं असतं.

आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला वाटतं, यंत्र शिकलं की झालं. फोन उघडायला मी त्याला महिन्याभरात शिकवीन. पण त्यानंतर जे लिहायचं असतं ना, तिथं भलेभले घसरतात. जे पाहिलं ते लिहायचं. जे केलं ते, ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं. वाटतं ते लिहायचं नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं, आणि ते लिहिताना लाजायचं नाही. तुला हे शेवटचं जमेल, तुला लाज कमीच आहे.

मी पहिल्यांदा साक्ष द्यायला गेले तेव्हा वकिलांनी विचारलं, "मॅडम, हा मेसेज आरोपीनंच पाठवला ना?" मी म्हणाले, "या फोनवरून गेला." "म्हणजे आरोपीनं पाठवला?" "या फोनवरून गेला." "अहो, पण फोन आरोपीचा आहे!" "हो. आणि मेसेज या फोनवरून गेला." वकील लाल झाले, न्यायाधीशांनी मला पाणी द्यायला सांगितलं. त्या दिवशी घरी आले तर आईनं विचारलं, जेवलीस का गं? मी म्हणाले, ताटातलं संपलेलं आहे. आईनं दोन दिवस अबोला धरला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जेवढं विचारलं तेवढंच. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे तपासायला एक फोन आला होता. आमच्याकडे नावं-गावं येत नाहीत, सीलबंद पाकीट आणि त्यावर नंबर येतो. विचारलं होतं, अमुक जनावराचा फोटो यात आहे का, असल्यास फाइलची तारीख काय. फोटो सापडला, आणि तो इतका मजेशीर होता की आमची अख्खी खोली हसत होती. पण मी काय लिहिलं? 'एका गोवंशीय प्राण्याचे छायाचित्र.' पुढे फाइलचं नाव आणि तारीख. बस. मसुदा माझा, सही साहेबांची. ते आजही तो अहवाल नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवतात. एक शब्द जास्त नाही.

तर तुला गृहपाठ. तू स्वतःच्या हातानं केलेलं एखादं काम घे आणि त्याचा अहवाल लिहून पाठव. एक पान. विशेषणं नकोत. मासा तर अजिबात नको.

बायोडाटा मिळाला. मुलगी खरंच चांगली आहे. परत पाठवते आहे.

संस्कृती


वडवणी,
२६ फेब्रुवारी

ताई,

हा घे गृहपाठ. पण आधी एक सांगतो, मी माजलगाव सोडलं. वडवणीत बॅनर छापायच्या दुकानात आहे. आठवडी बाजाराला आलतो, बॅनरवाल्याचा माणूस पळून गेलता, त्यानं मला धरलं. काम मजेचं आहे. सगळ्यांना गोरं करायचं अन् वर 'भावी' लिहायचं.

अहवाल.

काम: फोन दुरुस्ती. कुणाचा: परमेश्वरचा. कुठं: राधाकिशनभाऊंचं दुकान. कुणी केली: मी.

(तू केसचं सांगू नको म्हणालीस, पण हे केसचं नाही, फोनचं आहे. दुसरं काम मला नीट आठवत नाही. ह्या फोनला मी अख्खी दुपार घालवली.)

फोन चालू होत नव्हता. कंपनीचं नाव यायचं, थरथरायचा, बंद व्हायचा. मी तपासला. आतली सिस्टीम बिघडली होती. पुसून नव्यानं घालावी लागणार होती. परमेश्वर म्हणाला, फोटो जाऊ देऊ नको. मी फोन दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला अन् कसंबसं सगळे फोटो तिकडं काढून घेतले. मग फोन पुसून काढला. मग फोटो परत भरले. फोन चालू झाला.

बघ, जमलं की नाही? एक विशेषण नाही. 'बिघडली' चालतं ना?

आता खरं सांगतो, अहवाल इथं संपतो, पण फोन इथं संपला नव्हता. मी परमेश्वरला म्हणलं, बघून घे सगळं हाय का. आम्ही दोघं स्टुलावर बसून बघत राहिलो. तर फोटोंचा सगळा खिचडा झालेला. तारखेनं लावलं तरी सरळ होईना, कारण सगळ्याच फोटोंखाली त्याच दिवसाची तारीख. परमेश्वर म्हणाला, "ये, हे काय केलं बे? आमचा आजा वनमालाच्या लग्नाच्या दिवशीच वारला का?" (वनमाला त्याची बहीण. त्याच्या वकीलबाईंचं नावसुद्धा वनमालाच आहे, त्यामुळं तो त्यांना पहिल्या दिवशी 'ये ताई' म्हणून बसला.) मी म्हणलं, "फोटो हायेत ना? मग तारखा काय चाटायच्यात का तुला?" तो म्हणाला, ते बी खरं हाय.

अन् मग आला नवाबचा फोटो. आम्ही इतके हसलो की राधाकिशनभाऊ आतून आले. नवाब म्हणजे अमरसिंहदादांचा बैल. लाल कंधारी, खांद्यापाशी हात पुरत नाही. त्याची जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही म्हणून दादा पोळ्यालाच त्याचा वाढदिवस करतात. मागल्या साली, नाही, त्याच्या आदल्या पोळ्याला त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल बांधून फोटो काढला अन् सगळ्या तालुक्याला पाठवला. बैल असा बघतोय, जणू आत्ता भाषण सुरू करणार. त्याच फोटोचा मग बॅनर झाला: 'नवाबशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', शुभेच्छुक म्हणून खाली दादा हात जोडून. ज्याच्याकडं फोन त्याच्याकडं तो फोटो.

अन् हां, राहिलंच होतं. चोरी नवाबचीच झाली.

पोलीस म्हणतात, चोरीच्या आदल्या दिवशी परमेश्वरनं गोठ्यात जाऊन बैलाचा फोटो काढला, गिऱ्हाइकाला दाखवायला. त्याच्या फोनमध्ये सापडला म्हणे, तारखेसकट, मोठ्या प्रयोगशाळेतून लिहून आलंय. मी परमेश्वरला विचारलं, गेलतास का रे गोठ्यात? तो म्हणाला, "पाय न्हाई ठिवला. पन फोटो हाय म्हणतेत तर असंल बाबा. माझ्या फोनात काय काय हाय ते मला कुठं ठाऊक हाय?"

तर असं. एक पान म्हणाली होतीस, तीन झाली. गॉगल हे विशेषण नाही, नाम आहे, एवढं मला शाळेतलं आठवतंय. मार्क दे.

युवराज


पुणे,
५ मार्च

युवराज,

तुझं पत्र मिळालं. तुझी दोन्ही पत्रं मी आमच्या साहेबांकडे दिली आहेत आणि त्यांनी ती नोंदवून घेतली आहेत.

तुझी साक्ष होईपर्यंत मला पत्र पाठवू नकोस. फोनही करू नकोस, कुणाच्याही फोनवरून. मीही लिहिणार नाही. कोर्टात काय सांगायचं ते मी तुला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

आई बरी आहे.

संस्कृती


केज, कोर्टाचं आवार,
२४ मार्च

ताई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू पाठवू नको म्हणालीस, लिहू नको म्हणाली नाहीस. खिशात ठेवीन अन् दिवाळीला हातात देईन. तोवर तुझा राग उतरला तर वाच.

मला लई लागलं बघ. एक गॉगल लिहिला तर थेट साहेबांकडं? मला वाटलं, नवीन पोरांना दाखवत असतील, बघा, असा अहवाल लिहायचा नसतो. एक तुझा नमुना अन् शेजारी माझा. बॅनरच्या दुकानात मी चार दिवस कुणाला गोरं केलं नाही. शेवटी मालकानं विचारलं, कोण मेलं? मी म्हणलं, कुणी न्हाई, बहीण रुसलीय. तर म्हणाला, मग तिचा बॅनर लाव.

म्हणून ठरवलं, आज ताईनं शिकवलं तसंच बोलायचं. जेवढं विचारलं तेवढंच.

सकाळी पुकारा झाला. पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर परमेश्वर, दाढी करून, शर्ट आत खोचून. मागच्या बाकावर विजयमालावहिनी, मांडीवर पिशवी. पिशवीत खाकी होती. मला तिची कड दिसली. पहिल्या बाकावर अमरसिंहदादा, पांढरेशुभ्र.

सरकारी वकिलांनी विचारलं, "हा फोन ओळखता का?"

"ओळखतो."

"कुणाचा?"

"परमेश्वरचा."

"तुम्ही दुरुस्त केला?"

"केला."

"नंतर नीट चालू होता?"

"होता."

"बस, झालं," ते म्हणाले. मी इतका खूष झालो, ताई! आयुष्यात पहिल्यांदा सरळ रस्त्यानं गेलो. परमेश्वरकडं बघितलं तर त्याचं तोंड उतरलेलं. मला कळेना, मी तर चांगलं बोललो.

मग वनमालाबाई वकील उठल्या. "दुरुस्तीबद्दल आणखी काही सांगायचं आहे का?"

मी म्हणलं, "विचाराल तेवढंच सांगतो."

दादांची माणसं हसली. बाईंनी कागद खाली ठेवला अन् सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरं, फोन परत घेताना गिऱ्हाइकानं काही तक्रार केली होती?"

"केली होती."

"काय?"

"म्हणला, आजा लग्नाच्या दिवशीच वारला."

सगळं कोर्ट हसलं, जजसाहेबसुद्धा. अन् मग ताई, माझ्या तोंडाचा बांध फुटला. जे पहिल्यांदा विचारलं नव्हतं तेही सांगितलं. फोन कसा थरथरायचा, फोटो कसे काढून घेतले, कसे परत भरले, सगळ्यांवर भरल्याच्या दिवसाची तारीख कशी आली. "साहेब, त्या फोनमधी वनमालाताईचं लग्न त्याच दिवशी, आजाची मयत त्याच दिवशी, परमेश्वर पाळण्यात हाय ते बी त्याच दिवशी. अन् नवाब बी त्याच दिवशी." बोलता बोलता मलाच कळलं मी काय बोलतोय ते. चोरीच्या आदल्या दिवशी परमेश्वर गोठ्यात नव्हता, माझ्यापुढं स्टुलावर बसला होता. ती तारीख बैलाची नाही, माझी आहे! मी गप्प झालो. मी आपणहून गप्प झालो, असं आमच्या घरात कुणी मानणार नाही.

सरकारी वकील ताडकन उठले. "साहेब, हा आरोपीच्या डब्यातलं जेवणारा माणूस. महिन्याला धंदा बदलतो. कशावरून खरं मानायचं?"

तेव्हा मी पिशवीतून नवाबचा बॅनर काढला, परमेश्वरला हसवायला म्हणून आणला होता. आमच्या दुकानात त्याचा एक जादा छापलेला निघाला होता, शाईचं मशीन झाकायला वापरायचे. वनमालाबाईंनी तो दोघांच्या हातात देऊन उलगडला. नवाब गॉगल लावून, खाली दादा हात जोडून, वर 'पोळा २०२३'. चोरीच्या किती तरी आधीचा. दादांनी मान खाली घातली, त्यांना तो आठवला असणार.

"फोनमधला फोटो हाच होता," मी म्हणलं.

"कोण म्हणतं?" सरकारी वकील म्हणाले. "अमरसिंहदादांकडं बैलाचे पन्नास फोटो असतील. फोनमधला कुठला, हे इथं कुणी बघितलंय?"

अन् खरंच की. कुणी बघितला नव्हता. पोलिसांनी फोन बंद पाकिटात पाठवला, बंद पाकिटात परत आला, अन् सोबत एक कागद. साहेबांनी तो कागद उचलला. चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

"'एका गोवंशीय प्राण्याचे छायाचित्र.'"

पान उलटून बघितलं. "एवढंच आहे. गॉगल आहे की नाही, यात काही नाही."

ताई, मी पिंजऱ्याचा कठडा धरला. हे वाक्य मी कुठं तरी वाचलंय. माझ्या वरच्या खिशात वाचलंय.

साहेब म्हणाले, प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनाही आज बोलावलेलं आहे, फोटोची नक्कल त्यांच्याकडं असते, जेवणाच्या सुट्टीनंतर आले तर विचारू, नाही तर पुढची तारीख. कारकुनानं हळूच सांगितलं, पुढची तारीख पंधरा एप्रिल. विजयमालावहिनींनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

बाहेर लिंबाखाली येऊन मी तुझं पहिलं पत्र काढलं. शब्दाला शब्द तोच. एक शब्द जास्त नाही. मग तुझं शेवटचं पत्र काढून परत वाचलं. आता ते वेगळंच वाचता येतंय. तू रागावली नव्हतीस. तुझा तोंडाला कुलूप लावायचा धर्म आहे, तो तू पाळलास. मी तुला काय काय म्हणलं मनात, ते जाऊ दे.

पण ताई, इथं सगळे म्हणतायत तज्ज्ञ येत नसतेत. चहावाला म्हणाला, मी अकरा वर्षं इथं चहा विकतोय, असल्या साहेबाला चहा पाजल्याचं आठवत न्हाई. वकिलांनी आत्ताच पुढच्या तारखेचं टिपून घेतलंय. अन् आली तरी काय? एवढा वाखाणलेला अहवाल, स्वतःच्या तोंडानं अपुरा होता म्हणायचं, भर कोर्टात, तुझ्या साहेबांची सही असताना? मी असतो तर धारूरला निघून गेलो असतो.

परमेश्वर आता इथं नाही. त्याला बसवत नव्हतं. म्हणाला, सुट्टी हाय तवर एक ट्रिप मारून येतो, डिझेलचे तरी निघतील. आरोपी ट्रिप मारायला गेलाय, बघ आमच्या जिल्ह्याची तऱ्हा.

थांब, आला वाटतं. हॉर्न त्याचाच.

जीप फाटकात उभी आहे. मागून दोन बाया उतरल्या, एक कोंबडी, एक खताची गोणी. पुढच्या सीटवरून कुणीतरी उतरतंय. खांद्याला काळी बॅग. बॅगेला सीलबंद पाकीट. काखेत कागदाची मोठी गुंडाळी.

परमेश्वर म्हणतोय, "ऱ्हाऊ द्या मॅडम, कोर्टाच्या कामाला आलात, भाडं नको."

अन् ती म्हणतेय, आवाज इथवर ऐकू येतोय, "घ्या. नाही घेतलंत तर तेही मला आत सांगावं लागेल."

ती माझ्याकडं बघत नाही. बघणारही नाही, मला माहीत आहे. लिंबाच्या पलीकडनं सरळ पायऱ्यांकडं निघालीय. पण गुंडाळीचं एक टोक वाऱ्यानं सुटलंय, अन् त्यातून एक तांबडा कान दिसतोय, अन् कानाखाली काळ्या गॉगलची काडी.

ताई, तू आलीस.